नासक्या दुधाची शाळा

आधी वासाचं सांगून टाकते, कारण माझ्या कामाची ओळख सगळ्यांना नाकानंच झाली. मी आयुष्यभर चीज केलं. मुलं पावाला लावून खातात ते डब्यातलं पिवळं नव्हे. तळघरात महिनोन् महिने ठेवलेलं, मिठाच्या पाण्यानं पुसत राहिलेलं, वरून लालसर चिकट आणि आतून मऊ असं जाडजूड चाक. त्याला वास येतो. कसला, ते मी सांगत नाही, एस.टी.च्या कंडक्टरनं काय विचारलं ते सांगते. मी पौडाहून पुण्याला निघाले होते, चीजची पाटी मांडीवर होती. त्यानं तिकीट फाडता फाडता नाक वर केलं, पाटीवरच्या पांढऱ्या फडक्याकडं पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, कोन गेलं?"

त्या दिवसापासून पाटी टपावर आणि मी खिडकीशी, असं ठरून गेलं.

पुण्यातली गिऱ्हाइकंही एकेक नमुना होती. कॅम्पातला एक बेकरीवाला माल मागच्या दारानं घ्यायचा आणि पुढच्या दारानं फार ऐटीत विकायचा. एक निवृत्त लष्करी साहेब दर महिन्याला भांडायचे, की हे सडलेलं आहे, आणि भांडून झाल्यावर मोठा तुकडा कापायला सांगायचे. एक पारशी म्हातारी चीज हुंगून डोळे मिटायची आणि मला म्हणायची, "डिकरी, गॉड आहे." देव आहे की नाही ते मला माहीत नाही, पण ती म्हणाली की मला बरं वाटायचं.

हे काम मला शिकवलं ते सिस्टर वाल्बुर्गा यांनी. हे नाव मुळशीत कुणाच्या जिभेवर चढणार? लोकांनी त्यांना वालूबाई केलं आणि त्या झाल्याही. पौडच्या पुढं, धरणाकडं जाताना, डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती सिस्टर लोकांचं एक घर होतं. लहानसा दवाखाना, मागं गोठा, आणि गोठ्याच्या मागं डोंगरात खोदलेलं तळघर. दवाखाना वसईच्या सिस्टर ग्रेस बघायच्या. गोठा आणि तळघर वालूबाईंचं.

माझे अब्बा अत्तार. कुंकू, काळे मणी, सुया-दोरे आणि काष्ठौषधी घेऊन बाजारोबाजार बसणारे. मी सासरहून परत आलेली लेक. परत आलेल्या लेकीला घरात जागा असते, पण बसायला पाट नसतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. अब्बा मला दवाखान्यात झाडलोटीचं काम मागायला घेऊन गेले. सिस्टर ग्रेस नाही म्हणायच्या बेतात होत्या. तेवढ्यात मागून एक उंच, लालबुंद, बाह्या वर केलेली बाई आली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. माझे दोन्ही हात हातात घेतले, दाबून बघितले आणि म्हणाली, "गार हायेत. दुदाला चांगले. हिला मी घ्येते."

वालूबाईंचं मराठी असं. पुण्यात त्यांना शिकवायला कुणी गुरुजी ठेवले होते म्हणे, पण त्यांचं कानामात्रेचं मराठी बाईंना काही लागलं नाही. त्या खरं मराठी शिकल्या डोंगरावरच्या बिरूमामांकडून. बिरूमामा गवळी-धनगर. त्यांच्या आणि त्यांच्या भावकीच्या म्हशी-गाईंचं दूध आमच्याकडं यायचं. त्यामुळं ऑस्ट्रियाची ही बाई "लई ब्येस" म्हणायची, आणि रागावली की "मुडदा बशिवला तुजा" म्हणायची. एकदा पुण्याहून आलेल्या मोठ्या फादरांच्या देखत म्हशीला म्हणाली. फादर मराठीच होते.

ऑस्ट्रिया म्हणजे काय, हे मला कामातूनच कळलं. बाईंना कुठलीही गोष्ट शिकवायची झाली की त्या आधी त्यांच्या गावाला जाऊन यायच्या. त्यांचं गाव खेडंही नव्हतं आणि शहरही नव्हतं. तिकडं मधली एक पायरी असते. राजानं बाजार भरवायचा हक्क दिलेलं गाव. मी म्हटलं, "मंजी आमचं पौड." बाई विचार करून म्हणाल्या, "व्हय. पौडच. फकस्त बरफ पडतंय."

एक नदी, नदीला समांतर एकच रुंद रस्ता, आणि त्या रस्त्यातच बाजार. घरं एकमेकांना खेटून, कुठलं गुलाबी, कुठलं हिरवट. आणि वर खडकावर मठ. आमच्याकडं मठ म्हटलं की एक समाधी, एक पार आणि धुनी. त्यांचा मठ म्हणजे गावापेक्षा मोठा. दोन मनोरे, त्यांवर कांद्याच्या आकाराचे हिरवे कळस, आत पुस्तकांची दालनं, पाहुण्यांच्या खोल्या, गोठे, आणि सगळ्यांच्या खाली, देवळाच्या बरोबर खाली, चीजचं तळघर. बाजाराचा मोठा तराजू मठाच्या दारात टांगलेला. ज्याला मापाबद्दल शंका असेल त्यानं माल घेऊन चढ चढून यायचं आणि सिस्टर लोकांसमोर वजन करून घ्यायचं. मठाचं माप म्हणजे शेवटचं माप. वालूबाईंची आई त्या बाजारात भाजी विकायची, आणि लहानपणी वालूबाई तराजूच्या दांडीखाली उभ्या राहून माणसांची तोंडं बघायच्या. "त्या तराजूम्होरं कुनी खोटं बोलंना," त्या म्हणायच्या. वीस-बावीसच्या वयात त्या मठात गेल्या आणि तळघरात उतरल्या. मग तिथून मुळशीला.

मला त्या गावातल्या पायऱ्या पाठ झाल्या होत्या. तळघरात उतरताना बाई म्हणायच्या, आमच्याकडं हितं डाव्या बाजूला खिडकी हाय, नदीकडची, तितनं गार वारं येतंय. आमच्या तळघराला खिडकीच नव्हती. पण चाक ठेवताना मीही डावीकडं जरा जास्त हवा आहे असं धरून चालायला लागले.

आता काम काय असतं ते सांगते. दूध तांब्याच्या मोठ्या कढईत कोमट करायचं. किती कोमट, तर कोपर बुडवल्यावर काहीच कळू नये इतकं. त्यात आदल्या दिवशीची थोडी निवळ, म्हणजे थिजलेल्या दुधातून सुटलेलं पाणी, घालायची. मग ते थिजवायचं. इथंच सगळी मेख आहे. विरजण लावलं तर दही होतं, लिंबू पिळलं तर दूध फाटतं. ही दोन्ही आंबट, आणि आंबट माल टिकत नाही. दूध गोड राहूनच थिजलं पाहिजे. थिजलं की तारेनं कापायचं, ढवळायचं, निवळ काढायची, चक्का फडक्यात बांधून लाकडी कड्यात दाबायचा, वर धोंडा. मग मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि तळघरात फळीवर. तिथून पुढं खरी नोकरी. चाक उलटायचं, मिठाच्या पाण्यानं पुसायचं, परत ठेवायचं. मुळशीच्या पावसात भिंतींना घाम येतो, तो या चीजला मानवतो. उन्हाळ्यात मात्र ओली पोती टांगून टांगून जीव जायचा. तान्ह्या पोराची आई आणि मी, दोघींना गावाला जाता येत नाही, असं मी म्हणायचे.

दूध थिजवायला बाई एका बरणीतलं पाणी घालायच्या. बरणी मठातून यायची, वर परक्या अक्षरांची चिठ्ठी. मी कधी विचारलं नाही. मालकिणीच्या बरणीत नाक घालू नये असं मला वाटायचं.

बिरूमामांनी मात्र विचारलं. दुष्काळ सरून चारा बरा झाला त्या सुमाराची गोष्ट. मामा दूध घालून गोठ्याच्या ओट्यावर बसले होते. आणखी दोघे-चौघे दूधवाले होते. मामा सहज म्हणाले, "बाई, दूद आमचं, मीठ दुकानातलं. पर ह्ये थिजवतीस कशानं?"

सिस्टर ग्रेस दारातच उभ्या होत्या. त्यांनी बाईंना डोळ्यांनी खुणावलं. दुसरी कुणीही असती तर म्हणाली असती, औषध आहे परदेशी. ते खोटंही झालं नसतं. पण बाई त्या तराजूखाली वाढलेल्या. त्यांनी हात पुसले, मामांसमोर उकिडव्या बसल्या आणि अगदी नीट समजावून सांगितलं. वासरू आईचं दूध पितं तेव्हा ते त्याच्या पोटात थिजतं. जे थिजवतं ते त्याच्या कोठ्यात असतं. कोवळ्या वासराचा तो कोठा काढून, वाळवून, पाण्यात भिजवतात. त्या बरणीत तेच आहे.

मामा उठले, घोंगडं खांद्यावर टाकलं, किटली उचलली आणि गेले. मागोमाग बाकीचेही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली, कढई घासून ठेवली, आणि दूध आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुणी दगड मारला नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं दूध आलं नाही. माझ्या घरीही वेगळ्या कारणानं तोच पेच होता. अब्बांनी विचारलं, "ते वासरू कुनी कापलं, कसं कापलं, तुला ठावं हाय का?" मला काय ठाऊक. म्हणजे हिंदूंना चालेना आणि मुसलमानांनाही चालेना, असं ते एकमेव खाणं निघालं.

बाईंना काय चुकलं तेच कळत नव्हतं. त्या म्हणायच्या, "मामानं इचारलं. मी सांगितलं. न सांगायचं व्हतं?" मी चिडून म्हणाले, "बाई, समदं खरं समद्यांना सांगायचं नसतंय." त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या की मी काहीतरी फार घाण बोलले असं मलाच वाटलं.

वाट अब्बांच्या पोत्यातून निघाली. त्यांच्याकडं पनीरडोडा असायचा. वाटाण्याएवढी वाळकी फळं, लहान मुलांच्या पोटदुखीवर उगाळून द्यायची. पुण्यातल्या काष्ठौषधीच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी ऐकलं होतं, की वर सिंधकडं गवळी लोक यानंच दूध थिजवतात, म्हणून तर नाव पनीरडोडा. मी पुरचुंडी घेऊन गेले. बाईंनी फळं ठेचून फडक्यात बांधली, कोमट पाण्यात भिजवली, आणि सिस्टर ग्रेसच्या शेळीच्या तांब्याभर दुधात ते पाणी घातलं. आम्ही तिघी त्या तांब्याभोवती बसून राहिलो. दूध थिजलं. गोड थिजलं.

मग बाई बरणी घेऊन डोंगर चढून बिरूमामांच्या वाड्यावर गेल्या. मी मागं मागं. त्यांनी मामांना सांगितलं, आता झाडाचं फळ घालणार, आणि हे पुरायचंय, कुठं पुरू? मामांनी बरणी उजेडाला धरून बघितली. मग म्हणाले, "आमची वासरं मेली की त्या बांधाला पुरतो आमी. तितंच पुर." खड्डा मामांनीच खणला. बाईंनी बरणी ठेवली, तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हटली, मामांनी माती लोटली. परक्या मुलखातली वासरं, पण त्या दिवशी त्यांना माणसं मिळाली. दुसऱ्या दिवशी दूध आलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण पनीरडोड्याचा एक अवगुण आहे. ताजं चीज छान लागतं, जसजसं मुरतं तसतसं कडू होत जातं. पहिलं मुरलेलं चाक बाईंनी कापलं, तुकडा तोंडात टाकला, आणि तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्ये आमचं न्हाई." त्यापुढं कित्येक वर्षं आम्ही त्या कडवटपणाशी झगडत होतो. डोडा कमी घाल, जास्त वेळ थांब, म्हशीचं दूध कमी कर, गाईचं वाढव, मीठ बदल. हळूहळू कडू गेलं नाही, पण शहाणं झालं. मेथीच्या भाजीचं कडू असतं ना, नसलं तर चुकल्यासारखं वाटतं, तसं. कॅम्पातल्या लोकांना ते आवडू लागलं. बाई मात्र प्रत्येक चाक चाखताना क्षणभर डोळे मिटायच्या, आणि उघडायच्या तेव्हा त्यांचं गाव त्यांना भेटलेलं नसायचं. हे मी रोज बघत होते. मठाला एक पत्र टाकलं असतं तर गुपचूप दुसरी बरणी आली असती. त्यांनी टाकलं नाही.

अशी वर्षं गेली. बाईंचे गुडघे गेले. कढई मी सांभाळायला लागले, मग मीठ, मग सगळंच. ऐंशी साल उलटून गेल्यावर एका हिवाळ्यात मठातून एक तरुण सिस्टर आल्या. सिस्टर मोनिका. चीजचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, गालावर खळ्या, आणि सामानात कपड्यांपेक्षा जास्त जागा अडवणारं एक चाक. मठाचं चाक. त्या बाईंना न्यायला आल्या होत्या.

सिस्टर ग्रेसनी मला सगळं सांगितलं. मठातल्या तळघराची म्हातारी सिस्टर वारली होती. मोठ्या आईंनी, म्हणजे मठाच्या मुख्य सिस्टरांनी, निरोप पाठवला होता, की वालूबाईंनी आता परत यावं, जुनी रीत नव्या मुलींना शिकवावी, आणि शेवटचे दिवस आपल्या माणसांत काढावेत. मी विचारलं, "बाई न्हाई म्हनतील?" सिस्टर ग्रेस म्हणाल्या, "नाही म्हणता येत नाही, हमीदा. आज्ञा ती आज्ञा. खरीखुरी अडचण असेल तर तेवढी सांगता येते."

संध्याकाळी ते चाक कापलं. बाईंनी तुकडा तोंडात घातला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. एवढ्या वर्षांत बाईंना रडताना मी पाहिलं नव्हतं. मलाही तुकडा दिला. कुठं कडूपणाचं नाव नाही, लोण्यासारखं सरळ गोड. मला तेव्हा कळलं, त्या बांधाला बाईंनी काय पुरलं होतं ते. आणि हेही कळलं की बाई आता जाणार. जावंच. मी माझ्या मनाला तसं बजावलं आणि आत जाऊन कढई घासत बसले, घासलेली होती तरी.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मोनिकांनी तळघर बघितलं. सिस्टर ग्रेसच्या तोंडून त्यांनी विचारलं, सिस्टर वाल्बुर्गा आल्या तर इथलं काम कोण बघेल? सगळे माझ्याकडं वळले. बाईंनी जाऊ नये असं मला आतून वाटत होतं, अगदी पोटातून. पण आपण केलेला माल परक्या माणसापुढं ठेवायची वेळ आली की हात ऐकत नाहीत. मी माझं सगळ्यात चांगलं चाक काढलं. पावसाळ्यात केलेलं, एकदाही न विसरता उलटलेलं. बाईंनी पोकळ सळई खुपसून नमुना काढला. हुंगला. चाखला. डोळे मिटले नाहीत. मग सिस्टर मोनिकांना त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या, आणि माझ्याकडं वळून, मला कळावं म्हणून, मराठीत म्हणाल्या, "खराब हाय. मीठ कमी. पुसनं धड न्हाई. ह्या पोरीला अजून जमत न्हाई. दोन वर्सं तरी लागतील."

मी तिथल्या तिथं थिजले. मग माझं तोंड सुटलं. म्हटलं, "पुसनं धड न्हाई? मिठानं बोटांची सालं गेली माजी. तुमचं गुडघं गेल्यापासनं हितलं एकेक चाक कुनी केलं?" बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "म्हून तर खराब हायेत." मी कमरेचं फडकं सोडलं, फळीवर आपटलं आणि चालत पौडला आले.

बाजाराचा दिवस होता. अब्बा पाल ठोकून बसले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं अब्बा चिडतील. त्यांनी सुपारी कातरली आणि विचारलं, "वालूबाई कदी खोटं बोलली हाय का गं?"

"न्हाई."

"मंग खराब असंल."

मी पदरात एक तुकडा बांधून आणला होता. संध्याकाळभर तो थोडा थोडा खात बसले, आणि खरं सांगते, मलासुद्धा मीठ कमी लागायला लागलं. बाई म्हणाली म्हणजे असणार. रात्री माझा राग गेला आणि त्याच्या जागी भीती आली. एवढी वर्षं मी काय केलं मग? सासर गेलं, आणि हेही जमलं नाही?

सकाळी मी परत गेले. भांडायला नाही, विचारायला. मीठ किती कमी आहे, पुसताना नेमकं काय चुकतं, एवढं सांगा, म्हणणार होते. गोठ्यात बाई नव्हत्या. तळघराचं दार उघडं होतं. मी हळूच उतरले. बाई पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या होत्या, मांडीवर माझं ते खराब चाक, हातात भाकरी. चाकाचा चांगला पाव भाग संपला होता. त्या चवीनं खात होत्या, डोळे मिटून.

मी म्हणाले, "बाई, तुमी तर खराब म्हनाला."

बाई दचकल्या. तोंडात घास होता तो गिळला. त्यांचा चेहरा आधीच लाल, तो आणखी लाल झाला.

"खराबच हाय," त्या म्हणाल्या. आणि आणखी एक तुकडा कापून भाकरीवर ठेवला. "लई खराब हाय. आनि दोन वर्सं तरी खराबच ऱ्हानार हाय. तुला कळतंय का, हमीदे?"

मला कळलं. मी खालच्या पायरीवर बसले आणि रडले. बाईंनी मला अर्धी भाकरी दिली. आम्ही दोघींनी बसून ते खराब चीज खाल्लं. मीठ अगदी बरोबर होतं.

सिस्टर मोनिका जाताना माझ्याजवळ आल्या. चीजचं शिक्षण घेतलेली बाई ती, नमुना तिनंही चाखला होता. तिनं सिस्टर ग्रेसना काहीतरी सांगितलं, आणि ग्रेस हसू दाबत मला म्हणाल्या, "त्या म्हणतात, मोठ्या आईंना मी सांगेन की मुलगी मंद आहे. फार म्हणजे फारच मंद आहे." मग त्या खळ्यावाल्या सिस्टरनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या महिन्यात पुण्याहून फादर कबुलीजबाब ऐकायला आले तेव्हा वालूबाई आत बराच वेळ होत्या. बाहेर आल्या त्या थोड्या वाकून, पण चेहरा हलका होता. सिस्टर ग्रेसनी विचारलं, काय प्रायश्चित्त दिलं? बाई म्हणाल्या, "म्हशीला शिव्या द्याच्या न्हाईत, म्हैनाभर." तेवढंही त्यांना जमलं नाही.

दोन वर्षांनी मठातून विचारणा आली. बाईंनी कळवलं, अजून नाही. पुन्हा आली. अजून नाही. मोठ्या आईंनाही काय ते उमगलं असावं, कारण पुढं पुढं विचारणेसोबत माझ्यासाठी लोकरीचे मोजे यायला लागले. अशा मंद मुलीला मोजे कोण पाठवतं?

बाई मुळशीतच राहिल्या. त्यांना तो खडकावरचा मठ, ते कांद्याचे कळस, आईची भाजीची जागा परत दिसली नाही. याची रुखरुख मला आजही आहे. त्यांच्या जागी मी असते तर गेले असते, असं मला पुष्कळदा वाटतं. शेवटच्या आजारपणात त्या त्यांच्याच भाषेत बोलायच्या, मला कळायचं नाही. मी फक्त तळव्यांना तेल चोळत बसायचे. एका दुपारी त्यांना जरा शुद्ध होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "बाई, आता कुनी न्ह्याला येनार न्हाई. आता तरी खरं सांगा. जमतंय का मला?"

त्यांनी माझे हात घेतले. पहिल्या दिवशी घेतले होते तसे दाबून वगैरे बघितले नाहीत, नुसते धरले. म्हणाल्या, "न्हाई."

मग म्हणाल्या, "जमलं म्हनले, तर मला जावं लागंल."

दोन दिवसांनी त्या गेल्या. मी अजून चीज करते. पुण्या-मुंबईची शिकलेली मुलं बघायला येतात, चाखतात, वाहवा करतात आणि विचारतात, तुम्ही हे कुणाकडं शिकलात. मी वालूबाईंचं नाव सांगते. पुढं त्यांना हेही सांगते, की त्यांच्या हाताखाली मी शेवटपर्यंत नापास झाले. मुलांना वाटतं म्हातारी विनयानं बोलते आहे. विनय कसला? ती बाई आयुष्यात एकच खोटं बोलली आणि तिनं ते मरेपर्यंत निभावलं, आणि ते खोटं माझ्याजवळ राहायला मिळावं म्हणून होतं.